पित्ताच्या पिशवीची हकिकत

श्रोतेहो, पनवेलच्या मासळी बाजारात सकाळच्या प्रहरी थोडा वेळ उभे राहून पाहा. मावशी मासा हातात घेते, पोट चिरते, आणि आतली हिरवट-काळी, फोडासारखी एक इवलीशी पिशवी दोन बोटांनी अलगद उचलून बाजूला टाकते. गिऱ्हाइकाशी भावाची घासाघीस चाललेली असते, पण त्या पिशवीला धक्का लागत नाही. कारण ती फुटली तर सारे कालवण कडू होणार, हे तिला पक्के ठाऊक. कोंबडी साफ करणाऱ्याला, बकरे सोलणाऱ्यालाही ती पिशवी ठाऊक असते. ही विद्या त्यांना कोणत्या पुस्तकातून मिळालेली नाही.

हीच पिशवी तुमच्या-माझ्या पोटातही आहे. उजव्या बाजूला, बरगड्यांच्या खाली, यकृताला चिकटून ती लोंबत असते. आकाराने लहानशा पेरूएवढी, फार तर आठ-दहा लहान चमचे रस मावेल एवढी. तिला पित्ताशय म्हणतात. माशाच्या पोटातली पिशवी आपण शेकडो वर्षे काढत आलो. माणसाच्या पोटातली काढता येते, आणि ती काढूनही माणूस धडधाकट राहतो, हे मात्र जगाला समजले अवघ्या दीडशे वर्षांत. त्याचीच हकिकत आज मी आपल्याला सांगणार आहे. ही हकिकत जर्मनीत घडली, मुंबईत घडली, आणि तिचा शेवटचा भाग अजून आपल्या गावागावांत घडायचा आहे.

प्रथम एका शब्दाविषयी बोलू. तो शब्द म्हणजे ‘पित्त’. आपल्या भाषेत या एका शब्दाला किती कामे करावी लागतात पाहा! घशाशी आंबट आले की आपण म्हणतो, ‘पित्त झालं.’ अंगावर गांधी उठल्या की ‘पित्त उठलं.’ डोके दुखले की ‘पित्त चढलं.’ शेजाऱ्याचा राग आला की ‘पित्त खवळलं.’ आयुर्वेदात वात, पित्त, कफ या त्रयीतले पित्त आणखी निराळे. आणि यकृतात तयार होणारा, तेला-तुपाचे पचन करणारा तो हिरवट-पिवळा कडू रस, त्याचेही नाव पित्तच. एकाच नावाची पाच माणसे वर्गात असली म्हणजे हजेरीच्या वेळी जो घोटाळा होतो, तोच इथे होतो. पोटात दुखते एका पित्ताने, आणि औषध चालते दुसऱ्याच पित्ताचे.

आमच्या नात्यातल्या एका मावशींचे असेच झाले. पनवेलपासून जवळच्याच एका खेड्यात त्यांचे घर, थोडी भातशेती. रात्री जेवण झाल्यावर कधी कधी त्यांच्या पोटाच्या वरच्या भागात कळ येई. ती उजव्या बाजूने पाठीत, खांद्यापर्यंत जाई. तास-दोन तास तळमळत, आणि मग आपोआप थांबे. ‘पित्त गं बाई, दुसरं काय!’ म्हणून सोडा झाला, ओवा झाला, कोकमाचे सार झाले. दोन वर्षे गेली. त्या दोन वर्षांत काय होत होते ते पुढे सांगतो. आधी थोडे मागे जाऊ.

माणसाच्या शरीरात खडे होतात हे आपल्या पूर्वजांना माहीत होते. सुश्रुतसंहितेत अश्मरीचे, म्हणजे मुतखड्याचे वर्णन आहे, आणि तो शस्त्राने काढण्याची रीतही दिली आहे. पण तो खडा मूत्राशयातला. गुराच्या पित्ताशयात होणारा खडाही आपल्याला परिचयाचा होता. गोरोचन म्हणतात ते हेच. पूजेच्या गंधात ते वापरीत, मुलांच्या कफावर उगाळून देत. थोडक्यात, पित्ताचा खडा आपल्या घरात डबीत जपून ठेवलेला होता! पण आपल्या पोटात तसलाच खडा होतो, आणि रात्रीची ती कळ त्याच्यामुळे येते, हे सामान्य माणसाला कळायला फार काळ जावा लागला.

बरे, खडा कळला तरी पोट उघडायचे कसे? शंभर-दीडशे वर्षांपूर्वी पोटावर शस्त्र चालवणे म्हणजे बहुधा मरणाला बोलावणेच होते. वेदना एक शत्रू, आणि जखम पिकणे हा दुसरा. पहिला शत्रू १८४६ साली हटला. त्या वर्षी अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात ईथर हुंगवून रोग्याला भूल दिली गेली आणि शस्त्रक्रिया वेदनेवाचून पार पडली. दुसऱ्याच वर्षी, १८४७ मध्ये, एडिंबरोत सिम्सनने क्लोरोफॉर्म वापरला, आणि ही विद्या त्याच वर्षी हिंदुस्थानातही येऊन पोचली. दुसरा शत्रू हटायला आणखी वीस वर्षे लागली. जोसेफ लिस्टर याने १८६७ साली दाखवून दिले, की जखम, हात आणि हत्यारे कार्बोलिक आम्लाने स्वच्छ ठेवली तर जखम पिकत नाही.

त्याच १८६७ साली अमेरिकेतल्या इंडियानापोलिस गावी जॉन बॉब्ज नावाच्या शल्यवैद्याने एका स्त्रीच्या पोटातली गाठ पाहण्यासाठी पोट उघडले. गाठ म्हणून जी वाटली होती ती निघाली फुगलेली पित्ताची पिशवी, आणि तिच्यात खडे! बॉब्जने पिशवीला छेद दिला, खडे काढले, आणि पिशवी शिवून टाकली. ती बाई बरी झाली आणि पुढे पुष्कळ वर्षे जगली. पण इथे एक अडचण होती. मडके गळते म्हणून रोज पाणी पुसत बसण्यासारखा हा उपाय होता. खडे काढले, पण खडे करणारी पिशवी तशीच राहिली. तिच्यात पुन्हा खडे होणारच.

ही अडचण ज्याने सोडवली त्याचे नाव कार्ल लांगेनबुख. बर्लिनच्या लाझारस रुग्णालयाचा हा प्रमुख वयाने अवघा पस्तिशीतला होता. त्याने विचार केला, की पिशवीत खडे आहेत म्हणून खडे काढायचे हे अर्धेच काम झाले. पिशवीच खडे तयार करते, तर पिशवीच काढली पाहिजे. लोक म्हणाले असतील, ‘देवाने दिलेला अवयव काढून माणूस जगेल कसा?’ लांगेनबुखने निसर्गाकडे बोट दाखवले. घोड्याला पित्ताशय नसते. हत्तीलाही नसते. त्यांचे काही अडते काय? पित्त तयार होते यकृतात, पिशवीत ते फक्त साठते. विहीर शाबूत असली तर एखादा रांजण नसल्याने घर तहानेने मरत नाही. पूर्वी काही जणांनी कुत्र्यांची पित्ताशये काढून पाहिली होती आणि ती कुत्री जगली होती, हेही त्याला ठाऊक होते. तरी त्याने घाई केली नाही. मृतदेहांवर ही शस्त्रक्रिया पुन्हा पुन्हा करून हात बसवला, आणि मगच जिवंत माणसाकडे वळला.

१५ जुलै १८८२ हा तो दिवस. रोगी त्रेचाळीस वर्षांचा पुरुष होता. सोळा वर्षे तो या कळांनी हैराण झाला होता, वजन घटले होते, आणि वेदना शमवण्यासाठी घेतलेल्या मॉर्फीनची त्याला सवय जडली होती. लांगेनबुखने त्याची पित्ताची पिशवी काढली. दुसऱ्या दिवशी रोग्याला ताप नव्हता, आणि तो चक्क चिरूट ओढत होता. बाराव्या दिवशी तो चालू लागला. सुमारे दीड महिन्याने रुग्णालयातून घरी गेला. दीड महिना हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो उपयोगी पडेल.

आता याच काळात आपल्याकडे काय चालले होते? ज्या १८४५ साली पनवेलजवळ शिरढोणला वासुदेव बळवंत फडक्यांचा जन्म झाला, त्याच साली मुंबईत सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून उभारलेले रुग्णालय आणि ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. आपण आजही ‘जे. जे.’ म्हणतो ते हेच. त्या कॉलेजच्या अगदी पहिल्या पदवीधरांत, १८५१ साली, डॉक्टर भाऊ दाजी लाड होते. इकडे पनवेलमध्ये १८७२ साली कृष्णशास्त्री पुराणिकांनी आयुर्वेदीय औषधांचा कारखाना काढला. धूतपापेश्वर हे नाव त्यामुळे महाराष्ट्रभर गेले. म्हणजे पाहा, लांगेनबुखच्या शस्त्रक्रियेपूर्वी दहा वर्षे पनवेल हे औषधांचे गाव झालेले होते. यकृताच्या विकारांवर कुटकीसारखी कडू औषधे आपले वैद्य फार दिवसांपासून देत आले. त्या विद्येचा मान राखूनच सांगायचे, की पिशवीत धरलेला कठीण खडा विरघळून वाहून जाईल याची खात्री कोणत्याच औषधाने मिळत नाही. आजच्या डॉक्टरांकडेही पित्तखडे विरघळवणारी गोळी आहे. पण ती ठरावीक जातीच्या बारीक खड्यांवरच चालते, महिनोन्‌महिने घ्यावी लागते, आणि थांबवली की खडे पुन्हा होऊ लागतात.

पनवेलच्या माणसाला त्या काळी शस्त्रक्रियेसाठी मुंबईला जायचे म्हणजे काय, याची कल्पना करा. रेल्वे होण्यापूर्वी मुंबईहून पुण्याला जाणारा प्रवासी होडीने पनवेलला उतरे आणि इथून बोरघाटाची वाट धरी. परतीची वाटही तीच, खाडीतून, भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळून. पोटात कळा येणाऱ्या माणसाला होडीत निजवून न्यायचे, मग बंदरावरून गाडीने रुग्णालयात. कितीजण जात असतील? आणि जे जात ते तरी रोग हाताबाहेर गेल्यावरच. ‘दवाखान्यात नेलेला परत येत नाही’ ही समजूत अशा उशिरातूनच पडली. शहराबाहेर शस्त्रक्रियेची सोय हळूहळू होत गेली. मिरजेला डॉक्टर विल्यम वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उघडले, आणि दूरदूरच्या खेड्यांतून लोक बैलगाड्या जुंपून तिथे जाऊ लागले.

त्या काळची शस्त्रक्रिया कशी होती याचे एक उदाहरण साऱ्या देशाला माहीत आहे. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात महात्मा गांधींचे आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, काढण्यात आले. गांधीजी तेव्हा येरवड्याचे कैदी होते. कर्नल मॅडॉक शस्त्रक्रिया करीत असताना बाहेर वादळ झाले आणि विजेचे दिवे गेले. शेवटी कंदिलाच्या उजेडात काम पुरे करावे लागले. ही पित्ताशयाची शस्त्रक्रिया नव्हे. पण पोट उघडणे म्हणजे तेव्हा केवढे जोखमीचे काम होते, आणि ते दक्षतेने केले तर माणूस कसा वाचतो, या दोन्ही गोष्टी त्या एका रात्रीत दिसतात.

याच १९२४ साली अमेरिकेत ग्रॅहॅम आणि कोल या दोघांनी पित्ताशय क्ष-किरणांच्या चित्रात दिसावे म्हणून शरीरात एक विशिष्ट द्रव्य देण्याची युक्ती काढली. तोपर्यंत डॉक्टर पोट चाचपून आणि हकिकत विचारून अंदाज बांधीत, कारण बहुतेक पित्तखडे साध्या क्ष-किरण चित्रात दिसतच नाहीत. पुढे १९७० नंतर सोनोग्राफी आली. आपल्या कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी पोटात सोडायच्या आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून चित्र काढायचे. शिक्षक मंडळींना वटवाघळाचे उदाहरण देता येईल. ना सुई, ना वेदना, आणि पिशवीतला खडा पडद्यावर लख्ख दिसतो. आज पनवेलसारख्या गावात ही तपासणी सहज होते.

शस्त्रक्रियेची पद्धत मात्र लांगेनबुखनंतर शंभर वर्षे मुळात तीच राहिली. उजव्या बरगडीखाली वीतभर चीर द्यायची, पोट उघडायचे, पिशवी काढायची, टाके घालायचे. भूल सुधारली, रक्त देता येऊ लागले, पेनिसिलीन आले, आणि दीड महिन्याचा मुक्काम आठ-दहा दिवसांवर आला. पण चीर मोठीच. तिचे दुखणे मोठे, आणि घरी आल्यावरही महिना-दीड महिना ओझे उचलायचे नाही. शेतकऱ्याच्या, मजुराच्या घरी एक माणूस महिना-दीड महिना बसून राहणे म्हणजे काय, ते आपल्याला सांगायला नको.

मग १२ सप्टेंबर १९८५ रोजी जर्मनीतल्या ब्योब्लिंगेन गावच्या एरिख म्यूहे या शल्यवैद्याने पोटाला लहान छिद्रे पाडून, दुर्बिणीतून पाहत, पित्ताची पिशवी बाहेर काढली. दुसऱ्या वर्षी त्याने हे काम आपल्या देशातल्या शल्यवैद्यांच्या परिषदेपुढे मांडले, तेव्हा त्याची थट्टा झाली. पुढे एक रोगी दगावला, त्यावरून त्याला कोर्टाची पायरीही चढावी लागली. त्यातून तो निर्दोष सुटला, आणि १९९२ साली त्याच जर्मन शल्यवैद्यांनी त्याचा सन्मान केला. मधल्या काळात १९८७ साली फ्रान्समधल्या लियों शहरी फिलीप मूरे यानेही अशीच शस्त्रक्रिया केली, आणि तिथून ती जगभर पसरली.

आणि ती आपल्याकडे किती लवकर आली पाहा! ३१ मे १९९० रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉक्टर तेहेमटन उडवाडिया यांनी भारतातली पहिली दुर्बिणीची पित्ताशय-शस्त्रक्रिया केली. हे काही अचानक घडले नाही. १९७२ सालापासून ते याच रुग्णालयात पोटात दुर्बीण घालून आतले रोग पाहत होते. त्यांचे सांगणे मोठे मार्मिक होते. दुर्बिणीची शस्त्रक्रिया हा श्रीमंतांचा शौक आहे असे लोक म्हणत. ते म्हणत, उलट आहे. ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्यालाच लवकर कामावर परतण्याची गरज अधिक असते. ही विद्या लहान गावांतल्या शल्यवैद्यांपर्यंत जावी म्हणून त्यांनी आयुष्यभर खटपट केली. जानेवारी २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

इथे आपल्या मायभगिनींना एक गोष्ट आठवेल. पोटाला बारीक छिद्र पाडून दुर्बीण घालायची ही तऱ्हा खेड्यांना त्याआधीच ठाऊक झाली होती. कुटुंबनियोजनाच्या शिबिरांत जिला ‘बिनटाक्याचं ऑपरेशन’ म्हणत, ती हीच तऱ्हा. म्हणजे जे. जे. मध्ये पित्ताची पिशवी दुर्बिणीतून निघाली, त्यापूर्वीच आपल्या कितीतरी आयाबहिणी त्या दुर्बिणीला सामोऱ्या गेल्या होत्या. या शास्त्राच्या इतिहासात त्यांच्याही धीराची नोंद हवी.

आता आमच्या मावशींकडे वळू. दोन वर्षे ‘पित्त, पित्त’ म्हणून गेली. कोणी सांगितले म्हणून कुळथाचे कढण झाले. पण तो उपाय सांगतात मुतखड्यावर. लघवीच्या वाटेचा खडा आणि पित्ताचा खडा हे दोघे एका गावचे नव्हेत. मग एके दिवशी डोळे पिवळे झाले, लघवी चहासारखी काळपट झाली. गावात लोक म्हणाले, ‘कावीळ.’ कावीळ उतरवणाऱ्याकडून गळ्यात माळ घातली गेली. ती माळ रोज लांबत जाते, आणि माणसाला वाटते कावीळ उतरते आहे. माळ लांबते ती तिच्यातल्या काड्या सुकतात आणि दोरा सैल पडतो म्हणून. इकडे मावशींना थंडी वाजून ताप भरला. तेव्हा कुठे त्यांना रुग्णालयात नेले. सोनोग्राफीत दिसले, की पिशवीतला एक खडा घरंगळून पित्ताच्या नळीत अडकला आहे. ओढ्याच्या तोंडाशी धोंडा बसावा आणि पाणी मागे तुंबावे, तसे पित्त तुंबून रक्तात मिसळत होते. ही कावीळ मोरी तुंबल्याची. ती पथ्याने उतरत नाही, माळेनेही नाही.

आधी तोंडावाटे दुर्बीण घालून नळीतला खडा काढला, ताप उतरवला, आणि मग दुर्बिणीनेच पिशवी काढली. मावशी वाचल्या. पण पहिल्या कळेलाच तपासले असते, तर ताप, कावीळ आणि निम्म्याहून अधिक खर्च टळला असता.

तेव्हा या शस्त्रक्रियेला जाणाऱ्याने काय अपेक्षा ठेवावी, ते थोडक्यात सांगतो. पहिली गोष्ट, खडे दिसले म्हणजे लगेच पिशवी काढलीच पाहिजे असे नाही. पुष्कळांच्या पोटात खडे असतात आणि जन्मभर त्रास देत नाहीत. ते बहुधा तसेच राहू द्यावेत. ज्यांना कळा येतात, पिशवीला सूज येते, खडा नळीत उतरतो, किंवा त्यामुळे स्वादुपिंडाला सूज येते, त्यांनी मात्र टाळाटाळ करू नये. स्त्रियांना, बाळंतपणे झालेल्यांना, लठ्ठ माणसांना, आणि एकाएकी वजन उतरवणाऱ्यांना खडे होण्याचा संभव जास्त. नंदुरबार, गडचिरोली अशा भागांत ज्यांना सिकलसेलचा आजार आहे, त्यांना तर लहान वयातही खडे होतात.

शस्त्रक्रियेच्या आधी रक्ताची तपासणी, सोनोग्राफी, हृदयाची तपासणी होते. आपण कोणती औषधे घेतो, मधुमेह आहे का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, वैद्याचे काही औषध चालू आहे का, हे सारे न लपवता सांगावे. डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेपासून पोट रिकामे ठेवावे. ‘एक कप चहाने काय होतंय’ म्हणून चोरून पिऊ नये. भुलीत पोटातले वर येऊन श्वासनळीत गेले तर जिवावर बेतते.

मग पूर्ण भूल देतात. बेंबीजवळ आणि बरगडीखाली बहुधा चार लहान छिद्रे करतात. पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून जागा करतात. दुर्बिणीतले चित्र पडद्यावर पाहत पिशवीची नळी आणि रक्तवाहिनी चिमट्यांनी बंद करून पिशवी सोडवतात व एका छिद्रातून बाहेर काढतात. साधारण तासाभराचे काम. क्वचित आत सूज फार असते, नीट दिसत नाही. अशा वेळी डॉक्टर मोठी चीर देऊन काम पुरे करतात. ‘दुर्बिणीचं सांगून पोट फाडलं’ असे नातेवाइकांनी म्हणू नये. अंधारात सुरी चालवण्यापेक्षा दार उघडून उजेड घेणे यात शहाणपण आहे. मुख्य पित्तनळीला इजा होणे हा या शस्त्रक्रियेतला गंभीर धोका. तो हजारात तीन ते पाच जणांना संभवतो. हाही धोका डॉक्टरांना आधी विचारावा. विचारण्यात त्यांचा अपमान नाही.

शुद्धीवर आल्यावर छिद्रांशी दुखते. उजवा खांदाही दुखतो, आणि माणूस घाबरतो, ‘कापलं पोटात आणि दुखतं खांद्यात कसं?’ तो आत भरलेल्या वायूचा परिणाम. दोन-तीन दिवसांत जातो. त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी उठून चार पावले चालायला लावतात. चालावे, त्याने पायात रक्त साकळत नाही. आधी पाणी, मग पेज, मग मऊ भात. बहुतेकांना एक-दोन दिवसांत घरी सोडतात. हलकी कामे आठवड्याभरात करता येतात. पण डोक्यावर भारा, पाण्याच्या घागरी, नांगर, पोती ही कामे महिनाभर, किंवा डॉक्टर सांगतील तोपर्यंत दूर ठेवावीत. घरातल्या बाईचे ऑपरेशन झाले असेल, तर घागर दुसऱ्या कोणीतरी उचलायची आहे, हे पुरुष मंडळींनी विशेष ध्यानात धरावे.

पुढे खाण्याचे काय? जन्मभराचे पथ्य लागत नाही. रांजण गेला, विहीर आहे. पित्त आता थेंबथेंब सरळ आतड्यात उतरते. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे तळलेले, तुपातले फार खाल्ले तर काहींना पातळ शौचास होते. हळूहळू शरीर सरावते. काढलेली पिशवी तपासणीला पाठवली की तिचा अहवाल जाऊन घ्यावा. आणि घरी आल्यावर ताप आला, पोट वाढत्या प्रमाणात दुखू लागले, डोळे पिवळे झाले, छिद्रातून पू आला, तर वाट न पाहता त्याच रुग्णालयात परत जावे.

खर्चाची धास्ती असते, ती खोटी नव्हे. सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया होते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून आपल्याला काय मिळू शकते, हे योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारावे, आणि रेशनकार्ड बरोबर न्यावे.

श्रोतेहो, १८८२ साली दीड महिना, आज एक-दोन दिवस. होडीने भरतीची वाट पाहत जाणाऱ्या पनवेलकराला १९७३ साली वाशीचा खाडीपूल मिळाला, पुढे लोकल गाडी मिळाली, २०२४ साली समुद्रावरून न्हावाशेव्यापर्यंत पूल झाला. रोग्याचा मुक्काम घटला, मुंबई जवळ आली. एक अंतर मात्र तेवढेच राहिले आहे. पहिली कळ आणि पहिली तपासणी यांच्यातले. ते तोडायला ना शल्यवैद्य येणार, ना इंजिनियर. ते आपणच तोडायचे आहे.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. वर्गात पचनसंस्थेचा पाठ येईल तेव्हा यकृताखाली ती लहानशी पिशवी ठळक काढा, आणि मुलांना विचारा, मासा साफ करताना घरी काय जपून काढतात? पनवेलची मुले चटकन उत्तर देतील. मग त्यांना एवढेच सांगा, की घरी आजीला जेवणानंतर उजव्या बाजूला कळ येत असेल आणि ती ‘पित्त’ म्हणत असेल, तर तिला विचारा, ‘आजी, कुठलं पित्त?’